भाषा जाणणाऱ्यांनी भेटावे

आमच्या साखर कारखान्यात चपला काढून आत जायच्या जागा दोनच होत्या. एक गेटजवळचं मारुतीचं देऊळ आणि दुसरी माझी संगणकाची खोली. देवळात गर्दी असायची. माझ्या खोलीत मी असायचो.

अगदीच कोणी येत नसे असं म्हणता येणार नाही. ऊन तापलं की शेतकी खात्यातले, स्टोअरमधले, कधी तर कॅन्टीनचा आचारीसुद्धा चपला काढून आत यायचा, भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचा आणि घाम वाळला की उठून जायचा. ती भेट एसीला असायची. मशीनला थंडावा लागतो म्हणून संचालक मंडळानं तो एसी मंजूर केला होता. मला थंडावा लागतो म्हणून कोणी ठराव मांडला असता तर सूचकाला अनुमोदक मिळाला नसता.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या हंगामातली. मी मूळचा डाळजचा. आजोबांच्या काळात आमच्याकडे मेंढरं होती, वडिलांच्या काळात ऊस आला आणि माझ्या काळात मी पुण्याला जाऊन संगणकाचा डिप्लोमा करून आलो. कारखान्यानं मला प्रोग्रामर म्हणून घेतलं. हा हुद्दा कोणाला नीट कळला नाही. हजेरीपटावर माझ्या नावापुढं 'प्रोग्राम करणारा' असं लिहिलं होतं आणि त्यावरून कामगारांनी मला गणपतीत ऑर्केस्ट्रा ठरवायला बोलावलं.

माझं काम तीन भाषांत चालायचं. भाषा म्हणजे मशीनला हुकूम सोडायच्या भाषा. सकाळी कामगारांचे पगार, ते कोबोलमध्ये. कोबोल जुन्या वळणाची आणि घोळवून बोलणारी. प्रत्येक वाक्याच्या शेवटी टिंब दिलं नाही तर रुसून बसणारी. दुपारी सभासदांच्या उसाच्या नोंदी, त्या फॉक्सप्रोमध्ये. तिला शेवटी काहीच लागत नाही. ओळ संपली की विषय संपला. आणि संध्याकाळी वजनकाट्याचा प्रोग्राम, तो सी नावाच्या भाषेत. ती मोजकं बोलते, पण प्रत्येक वाक्यामागं अर्धविराम मागते. म्हणजे सकाळी टिंब, दुपारी काही नाही, संध्याकाळी अर्धविराम. मनाला हे समजतं, बोटांना समजत नाही. एकदा मी रजेचा अर्ज लिहिला, त्यात प्रत्येक वाक्यापुढं अर्धविराम पडला. आमचे ऑफिस सुपरिंटेंडंट बापूसाहेब चष्मा वर करून म्हणाले, "अहो, तुमचं म्हणणं संपतं कुठं? संपल्याशिवाय मी सही कुठं करू?"

यातली गंमत सांगायला कोणी नव्हतं, हे माझं खरं दुखणं. एकदा अशी काही चूक सापडली की मी खोलीत एकटाच मोठ्यानं हसलो. शिपायानं काचेतून पाहिलं आणि हळूच दार ओढून घेतलं. त्यानंतर बरेच दिवस कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही.

आता शून्याचं प्रकरण. सी या भाषेत मोजणी शून्यापासून सुरू होते. पहिला तो शून्यावा, दुसरा तो पहिला. फॉक्सप्रोत तसं नाही, तिथं पहिला तो पहिलाच. दुपारभर फॉक्सप्रोत घालवून मी संध्याकाळी काट्याच्या प्रोग्रामला बसलो आणि एक मिळवायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी गळीत हंगामाचा शुभारंभ. पहिली गाडी मानाची, ती संचालक आप्पासाहेबांची. हार घातलेला ट्रॅक्टर, पुढं हलगी, फेटा बांधलेले आप्पासाहेब स्वतः स्टेअरिंगवर. गाडी काट्यावर चढली, माझ्या मशीननं चिठ्ठी छापली आणि निवेदकानं ती न वाचताच उचलून लाउडस्पीकरवर सुरू केलं, "आणि आता मानाच्या पहिल्या गाडीचा नंबर आहे... नंबर आहे... शून्य!"

हलगी थांबली. आप्पासाहेब गाडीतून उतरले आणि शांतपणे म्हणाले, "मी शून्य?"

मी त्यांना समजावलं की संगणकात शून्य हाच पहिला मान असतो. ते म्हणाले, "मग तो मान तूच घे."

तो मला मिळाला. बापूसाहेबांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, 'रोज तीन भाषांत काम करावे लागत असल्याने गोंधळ होतो.' त्यांनी वर शेरा मारला, 'यापुढे सर्व कामकाज मराठीत करावे.'

मी बारामतीत जोतीराम तात्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. तात्या एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते आणि घरातसुद्धा स्टँडवर घोषणा केल्यासारखे बोलत. त्या संध्याकाळी मी पायरीवर तोंड पाडून बसलो होतो. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "रामहरीराव, तुमच्यासारखं आनखी कोन असंलच की. बारामती-इंदापुरात येवढ्या संस्था झाल्यात. गोळा करा समद्यास्नी. मंडळ काढा!"

आतून साखरबाई काकू म्हणाल्या, "मंडळ कशाला? लगीन करा. तीन भाषा सुटतील आन् एक र्‍हाईल. ती बी निस्ती ऐकायची."

मला मंडळाची कल्पना जास्त पटली. मोठं नको होतं. एखादाच माणूस मिळावा, त्याला त्या शून्याची गोष्ट सांगावी, आणि तो अगोदरच हसायला लागावा, एवढंच.

गावच्या साप्ताहिकात दोन ओळींची सूचना द्यायची ठरवली. संपादक दत्तोबा म्हणाले, तुम्ही कारखान्याचे नोकर, कारखान्याची हरकत नसल्याचा दाखला आणा. बापूसाहेब म्हणाले, दाखला देतो, पण मंडळ नोंदणीकृत आहे का? मी म्हटलं, अजून सभासदच नाहीत. ते म्हणाले, मग हरकत कोणाबद्दल नाही म्हणून लिहू? शेवटी 'सदर इसम कोणाला भेटल्यास कारखान्याची हरकत नाही' असा दाखला मिळाला. तो मी अजून जपून ठेवला आहे. कोणाला भेटायची अशी लेखी परवानगी फार थोड्या लोकांकडे असेल.

मी दिलेला मजकूर होता, 'संगणकाच्या एकापेक्षा जास्त भाषा जाणणाऱ्यांनी रविवारी सायंकाळी भेटावे.' खाली तात्यांचा पत्ता. छापून आलं तेव्हा 'संगणकाच्या' हा शब्द गायब. दत्तोबांना विचारलं तर म्हणाले, "त्या शब्दानं वाचक बिचकतो हो. आता बघा कशी गर्दी हुतीय."

गर्दी झाली. तात्यांनी अंगणात सतरंजी टाकून मधोमध खुर्ची मांडली होती आणि तीत ते स्वतः बसले होते. एक निवृत्त संस्कृत शिक्षक आले. एक माजी सैनिक आले, त्यांना गुरखाली यायची, पण कवायतीपुरती. भाजीचे एक अडते आले, त्यांना गुजराती आणि सिंधी यायची, पण भाव पाडण्यापुरती. एक गृहस्थ बैलांशी बोलत. तात्यांनी त्यांना वेगळं बसवलं.

मी उभा राहून टिंब आणि अर्धविरामाची अडचण सांगितली. मग संस्कृतच्या सरांनी विचारलं, "तुमच्या या भाषांत विभक्ती किती?" मी म्हटलं, एकही नाही. त्यांनी शालीनं तोंड पुसलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. पुढं सर आणि सैनिक यांच्यात कोणती भाषा अधिक शिस्तीची यावरून जुंपली, बैलवाल्यांनी मध्यस्थी केली, काकूंनी चहा दिला आणि दिवे लागायच्या आत मंडळ विसर्जित झालं.

सतरंजी गुंडाळताना पाहिलं तर कडेला एक म्हातारी बसून होती. हिरवं नेसलेली, मांडीवर पिशवी. मला वाटलं काकूंची कोणी असेल. काकूंना वाटत होतं माझी कोणी आहे.

"कानडी येनारं कुनी न्हाय का आलं?" तिनं विचारलं.

तिचं नाव बनाबाई. पळसदेवहून एसटी बदलत आली होती. तिचं माहेर तिकडं विजापूरजवळ, इंडीच्या बाजूला. सासरची माणसं तेव्हा मेंढरं घेऊन त्या मुलखात जायची, त्यात हे लग्न जमलं. पुढं मेंढरं विकली, उजनीच्या पाण्यावर वांगी आणि ऊस आला, तशी तिकडची वाट मोडली. नवऱ्याला रानात फिरून कानडी येत होती. तो गेला, आणि तेव्हापासून तिच्याशी कानडी बोलणारं कोणी उरलं नव्हतं. दिपालीनं, म्हणजे नातीनं, सुकट बांधून आलेल्या कागदावरची माझी सूचना वाचून दाखवली होती.

"घरात समदी चांगली हायत," ती म्हणाली. "माजं काय बी वंगाळ न्हाय. पर सपनात आय बोलती न्हवं, तवा सकाळी उठून कुनाला सांगू? मराठीत सांगितलं तर ती आय वाटतच न्हाय."

बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हणालो, "आमच्या कारखान्यावर साखर न्यायला तिकडचे ट्रक येतात."

"कवा न्हेता मला?" तिनं विचारलं.

मी सहज बोललो होतो, तिनं सहज घेतलं नव्हतं. ठरल्या दिवशी बनाबाई डोक्यावरून पदर घेऊन, पुरणपोळ्यांची दुरडी घेऊन कारखान्याच्या गेटवर हजर. रखवालदाराला तिनं 'पावन्यास्नी भेटायचंय' एवढंच सांगितलं. मी तिला वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसवलं. साखर भरायच्या आधी रिकाम्या ट्रकचं वजन करतात, त्या रांगेत विजापूरच्या पाटीचा एक ट्रक उभा होता. ड्रायव्हरचं नाव मल्लप्पा. मल्लप्पाचा ट्रक काट्यावर चढला आणि मी काही म्हणायच्या आत बनाबाई केबिनमधून उतरून थेट काट्याच्या लोखंडी पाट्यावर जाऊन उभी राहिली.

"याव ऊर?" तिनं विचारलं. म्हणजे गाव कोणतं. आवाज बारीक झाला होता, चोरून बोलल्यासारखा.

मल्लप्पानं मान बाहेर काढली. आधी त्याला वाटलं काहीतरी चुकून ऐकू आलं. मग त्यानं गाव सांगितलं. तिनं आपलं सांगितलं. त्यानं दार उघडून खाली उडीच मारली.

आता माझ्या प्रोग्रामची एक अट होती. काट्यावरचं वजन स्थिर झाल्याशिवाय चिठ्ठी छापायची नाही. चोरी होऊ नये म्हणून ती मीच घातली होती, आणि तिच्याबद्दल माझं कौतुकही झालं होतं. इथं बनाबाई बोलताना दोन पावलं पुढं जायची, हात उडवायची, पाट्यावरून उतरायची, पुन्हा चढायची. मल्लप्पा हसून बॉनेटवर थाप मारायचा. पडद्यावरचा आकडा नाचत होता. मागं रांग वाढत होती, हॉर्न वाजत होते. एक कळ दाबून मी ते वजन रद्द करू शकलो असतो. बोट कळीवर होतंही. पण म्हातारी आता मोठमोठ्यानं बोलत होती, आणि तिचं पाठमोरं अंग सुद्धा हसताना दिसत होतं. मी बोट काढून घेतलं.

रांगेत आप्पासाहेबांचा ट्रॅक्टर होता, हे वेगळं सांगायला नको. ते चालत आले. आधी मला पाहिलं. "परत तूच!" मग त्यांनी बनाबाईला दरडावलं, "ए म्हातारे, हो बाजूला!"

बनाबाई वळली आणि तिनं त्यांना कानडीत जे काही ऐकवलं ते पुष्कळ वेळ चाललं. वर्षानुवर्षांचं साठलेलं असावं. हॉर्न बंद पडले. आप्पासाहेबांना आयुष्यात असं कोणी बोललं नसेल, आणि आता बोललं ते कळत नव्हतं.

"काय म्हणतीय ती?" त्यांनी मल्लप्पाला विचारलं.

मल्लप्पा दोघांच्या मधे येऊन उभा राहिला. "साहेब, तुमची तब्येत लई चांगली हाय म्हणतीय."

आप्पासाहेबांनी संशयानं फेटा नीट केला. "मग हळू सांगायचं," म्हणाले, आणि परत गेले.

मल्लप्पानं तिला नंतर आणखी काही सांगितलं. ते हळू होतं. बनाबाई ऐकता ऐकता खाली बसली. मला वाटलं ऊन लागलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावलो.

"थोरली भन हाय म्हनतोय माजी," ती म्हणाली. "जित्ती हाय, ह्याच्या गावाशेजारीच. दिसत न्हाय तिला आता. आल्यागेल्याला माजं नाव सांगून इचारती म्हनं." मग पदरानं तोंड पुसून उठली. "मी जाती ह्याच्यासंगं. घरी सांगा तेवडं."

मी म्हटलं, आधी घरी विचारू, उद्या जा, कपडे घ्या. तोवर ती ट्रकमध्ये चढलेली होती. साखरेची पोती भरून झाली तेव्हा मल्लप्पानं तिच्यासाठी सीटवर गोधडी अंथरली. ट्रक गेटबाहेर पडताना तिनं खिडकीतून हात काढला, पण तो मला दाखवायला की वारा लागायला, कोण जाणे.

पुरणपोळ्यांची दुरडी केबिनमध्येच राहिली.

मग पळसदेवला जाऊन सांगायचं माझ्या गळ्यात आलं. तिचा मुलगा शंभूराज पाण्याच्या कडेला मोटरपंप दुरुस्त करत होता. 'तुमच्या आईला मी एका अनोळखी ट्रक ड्रायव्हरबरोबर कर्नाटकात पाठवलं आहे' हे वाक्य मी एसटीत कितीतरी तऱ्हांनी रचून पाहिलं होतं. कोणत्याही तऱ्हेनं ते चांगलं होत नव्हतं.

"पाठवलं म्हंजे?" तो पाना हातात घेऊन उभा राहिला. "तुमी कोन पाठवनारं?"

मी कारखान्यात प्रोग्राम करणारा, असं सांगितलं. त्यानं परिस्थिती सुधारली नाही. बरीच आरडाओरड झाली. माणसं गोळा झाली. मग दिपालीनं विचारलं, "आज्जी बोलली का तितं कानडी?" मी म्हटलं, खूप बोलली. शंभूराजनं पाना खाली ठेवला. म्हणाला, "मला कवाच बोलली न्हाय म्हनून. मी बी इचारलं न्हाय." आणि मग बायकोला ओरडून म्हणाला, "पावन्याला जेवाय वाढ." जेवताना कोणी माझ्याशी बोललं नाही, पण मासा दोनदा वाढला.

इकडं बापूसाहेबांची दुसरी नोटीस तयार होती. 'वजनकाट्यावर परप्रांतीय संभाषण घडवून वाहतूक खोळंबवणे.' शिक्षा म्हणून माझं टेबल संगणकाच्या खोलीतून उचलून काट्याच्या पत्र्याच्या केबिनमध्ये टाकलं. एसी तिथंच राहिला. त्याला भेटायला लोक जात राहिले. माझ्या खिडकीत दिवसभर माणसं यायची, गाडीचा नंबर सांगायची, चिठ्ठी घेऊन जायची. मी तीच तीन भाषांतली कामं आता धुळीत करत होतो. आठवडा उलटला, दुसराही संपत आला. प्रत्येक विजापूरच्या पाटीकडे मी मान लांब करून बघायचो. शंभूराज दोनदा येऊन नुसता समोर उभा राहून गेला. म्हातारीचं काही बरंवाईट झालं तर काय, हे माझ्या मनातून जात नव्हतं, आणि हे सांगावं असंही कोणी नव्हतं.

एका दुपारी मल्लप्पाचा ट्रक आला. आधी एक गाठोडं खाली आलं, मग एक कोंबडी, मग बनाबाई. मी एवढा घाईनं उठलो की खुर्ची पडली. ती केबिनमध्ये आली, पोत्यावर बसली, घटाघटा पाणी प्याली आणि बोलायला लागली. बहिणीनं हातानं चाचपून कसं ओळखलं ते हातानं करून दाखवत होती. मध्येच रडत होती, मध्येच हसत होती. सगळं कानडीत. मी चिठ्ठ्या छापता छापता ऐकत राहिलो. बऱ्याच वेळानं तिच्याच लक्षात आलं.

"आगं बया! तुमास्नी कुठं कळतंय!"

"चालू द्या," मी म्हटलं.

तिनं उरलेलं सांगून टाकलं. मग पदर सावरून माझ्याकडे नीट बघितलं. "आन् तुमी असं का वाळलाय? काय झालं?"

"काही नाही. कामाचं आहे. कळायचं नाही तुम्हाला."

"नगं कळू दे. सांगा की."

मी सकाळचं सांगितलं. मशीन साल लिहिताना शेवटचे दोनच आकडे ठेवतं. बॉयलरवरचे एक दत्तोबा आहेत, पेपरवाले नव्हेत, दुसरे. ते दोन हजार एक साली निवृत्त व्हायचे. मशीननं नुसतं 'एक' वाचलं, ते एकोणीसशे एक धरलं आणि हा माणूस जन्माच्या आधीच निवृत्त झाला असं ठरवून त्यांचा पगारच काढला नाही. दत्तोबा पगाराच्या खिडकीवर उभे, आणि खजिनदार त्यांना सांगतोय, तुम्ही अजून जन्मालाच आला नाहीत.

बाहेर हॉर्न वाजला. मी सवयीनं थांबलो. आता ती उठेल, एसटीची वेळ विचारेल, असं वाटलं.

बनाबाईनं कोंबडी मांडीवर घेतली, हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, "मग?"

मी खिडकीतून हात बाहेर काढून पुढच्या गाडीला थांबायची खूण केली, आणि सांगायला लागलो.